ब्यूक जीएसएक्स १९७०: वर्षानुवर्षं बंद पडलेली गाडी उभी करायची, पण तिचा बाज न मोडता

इकडे मिशिगनमध्ये गाड्यांच्या धंद्यात असलेले मराठी लोक भरपूर आहेत, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की अरे जुनी मसल कार (मोठ्या ताकदवान इंजिनची अमेरिकन गाडी) मिळतेय, घेऊ का, आणि घेतली तर सुरुवात कुठून करू. सगळ्यांना मस्टँग नाहीतर कमारो हवी असते आणि त्यात चूक काही नाही, पार्ट्स ढिगाने मिळतात, पुस्तकं मिळतात, चुकलात तरी निभावतं. पण समजा तुमच्या हाती खरोखरची दुर्मीळ गाडी लागली तर काम वेगळं होतं, कारण तिथे तुम्ही जे काढून टाकाल ते परत मिळत नाही. मी इथे १९७० ची ब्यूक जीएसएक्स घेऊन सगळं सांगतो, कारण ही गाडी मला मनापासून आवडते आणि तिच्यात करायच्या आणि न करायच्या गोष्टी अगदी स्पष्ट दिसतात.

आधी ही गाडी काय आहे ते बघा, म्हणजे पुढचे निर्णय सोपे जातील. १९७० पर्यंत जनरल मोटर्सचा आतला नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ४०० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन टाकायचं नाही. त्या वर्षी तो नियम उठला आणि जनरल मोटर्सचाच ब्रँड असलेल्या ब्यूकने आपल्या मध्यम आकाराच्या स्कायलार्कच्या बॉडीत ४५५ क्युबिक इंचांचं, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचं व्ही-आठ बसवलं. साधी ती जीएस ४५५, आणि तिच्यावर पुढचा स्पॉयलर, मागचा स्पॉयलर, काळे पट्टे, बॉनेटवर बसवलेला टॅकोमीटर (आरपीएमचा काटा), रुंद चाकं असं सगळं चढवलं की जीएसएक्स. १९७० मध्ये फक्त ६७८ बनल्या, त्यातल्या ४९१ सॅटर्न यलो आणि १८७ अपोलो व्हाइट, तिसरा रंग त्या वर्षी नव्हताच. या ६७८ पैकी ४०० गाड्यांत स्टेज वन इंजिन होतं, मोठे व्हॉल्व्ह, वेगळा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), कागदावर ३६० हॉर्सपॉवर. टॉर्क मात्र ५१० फूट-पाउंड आणि तोसुद्धा फक्त २८०० आरपीएमला. जानेवारी १९७० च्या मोटर ट्रेंड मासिकाने जीएसएक्सच्या आधीच स्टेज वनवाल्या जीएसची टेस्ट घेतली होती आणि पाव मैल १३.३८ सेकंदांत मारला होता, तोही एसी-पॉवर स्टिअरिंगच्या जगातल्या, डॉक्टर-वकिलांनी घ्यायच्या ब्रँडच्या गाडीत.

म्हणून माझ्या मते या गाडीचा बाज दोन गोष्टींत आहे. एक तिची चाल, म्हणजे खालच्या आरपीएमला न ओरडता, न थरथरता जी ताकद येते ती. आणि दुसरं म्हणजे ती बनवणाऱ्या कामगारांच्या हाताच्या खुणा, पातळ लॅकर पेंट, खडूने लिहिलेले आकडे, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) मारलेले रंगाचे ठिपके, थोडे वाकडे गेलेले पट्टे. या दोन्हींना धक्का लागत नसेल तिथे बिनधास्त नवं टाका. जिथे लागतो तिथे हात आवरा. पुढचं सगळं याच हिशोबाने लिहिलंय.

घ्यायच्या आधी गाडी खरी आहे का ते तपासा, कारण जीएस ४५५ घेऊन स्पॉयलर आणि पट्टे लावून जीएसएक्स म्हणून विकणं अजिबात अवघड नाही आणि तशा गाड्या फिरतायत. त्या काळातल्या ब्यूकच्या व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, स्टेज वन इंजिन आहे का ते कळत नाही, जीएसएक्स आहे हेही कळत नाही, ४४६ ने सुरू होणारा नंबर म्हणजे जीएस ४५५ एवढंच कळतं. मग इंजिन ब्लॉकवर ठोकलेला कोड बघायचा, एसआर म्हणजे साधं जीएसचं ४५५ आणि एसएस म्हणजे स्टेज वन, आणि त्याच्याबरोबर ब्लॉकवर आणि गिअरबॉक्सवर व्हीआयएनचा शेवटचा भाग ठोकलेला असतो तो डॅशबोर्डवरच्या प्लेटशी जुळतो का बघायचा. सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे बिल्ड शीट, गाडीत काय काय बसवायचं त्याची फॅक्टरीची यादी. हा कागद फॅक्टरीत गाडीबरोबर फिरायचा आणि कुठेतरी आत राहून जायचा, पेट्रोलच्या टाकीच्या वर, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत, कार्पेटखाली. म्हणून टाकी उतरवताना कधीही घाईने ओढू नका, आधी टॉर्च मारून वर काय चिकटलंय ते बघा, बिल्ड शीट कुजून पापडासारखी झालेली असते, हात लावला की तुकडे. सापडली तर आहे तिथेच फोटो काढा, मग पातळ प्लॅस्टिकची शीट खाली सरकवून अख्खी उचला. जीएसएक्सवाल्या मालकांची रजिस्ट्री आहे, तिथे विचारा, आधीच्या मालकांचा माग काढा, जुने फोटो मागा. माजी मालकाच्या अल्बममधला १९७४ चा एक फोटो कधीकधी दहा तज्ज्ञांपेक्षा जास्त सांगतो. आणि डॅशवरची व्हीआयएन प्लेट, तिचे फुलाच्या आकाराचे रिवेट, त्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. पेंटसाठी नाही, साफसफाईसाठी नाही, कशासाठीच नाही. तो फेडरल कायद्याचा मामला आहे आणि एकदा रिवेट हललेले दिसले की गाडीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

गाडी घरी आली की सगळ्यांना पहिली इच्छा होते ती धुवायची. थांबा. आधी कॅमेरा. प्रत्येक कोपरा, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वायरचा रस्ता, क्लिप कुठे आहे, होज कुठल्या बाजूने वळते, सगळं. फायरवॉल आणि चेसिसवरची धूळ-तेलाची पुटं मऊ ब्रश आणि मिनरल स्पिरिटने हळूहळू काढा, कारण त्याच पुटांखाली खडूचे आकडे आणि इन्स्पेक्शनचे रंगाचे ठिपके जिवंत राहिलेले असतात, आणि प्रेशर वॉशर मारला की ते मिनिटात जातात. स्टिअरिंग बॉक्स, मागचा अॅक्सल, स्प्रिंगांवरचे कागदी टॅग, रेडिएटरवरचा पितळी टॅग, यातलं जे दिसेल त्याचा आधी फोटो आणि माप. पुढे कधी अॅक्सल रंगवावा लागलाच तर तो ठिपका कुठे होता, केवढा होता, हाताने ओढला होता की बोळ्याने टिपला होता हे तुमच्याकडे असलं पाहिजे.

अजून एक, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. कोठारात पडून राहिलेल्या गाडीत उंदीर असतातच. इकडच्या डिअर माइसमुळे हँटाव्हायरस होऊ शकतो, त्यामुळे घरटी आणि लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, व्हॅक्यूमने ओढायच्या नाहीत. दारं-खिडक्या उघडून गाडी हवेशीर करा, चांगला मास्क आणि हातमोजे घाला, ब्लीचचं पाणी फवारून सगळं ओलं करा आणि मग पुसून उचला. तसंच ब्रेक आणि क्लचची जुनी धूळ, त्यात अॅस्बेस्टॉस असतो, कॉम्प्रेसरने उडवायची नाही, ओल्यानेच काढायची.

आता इंजिन. विकणारा म्हणेल बॅटरी लाव आणि मार स्टार्टर, बघ कसं फिरतं. अजिबात नको. वीस-तीस वर्षं बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असतो, आणि स्टार्टरच्या झटक्याने पुशरॉड वाकतो किंवा रिंग तुटते. सगळे स्पार्क प्लग काढा, कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा, बोअरस्कोप आता स्वस्तात मिळतो तो आत घालून भिंती बघा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं ऑइल (एटीएफ) आणि अॅसिटोनचं मिश्रण, नाहीतर कुठलंही चांगलं पेनिट्रेटिंग ऑइल टाका आणि विसरून जा, चांगले काही दिवस. त्यानंतर क्रँकच्या पुढच्या बोल्टला लांब पाना लावून हाताने हलवून बघा, जोर नाही करायचा, थोडं पुढे थोडं मागे. हललं की परत तेल, परत दुसऱ्या दिवशी. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्याने दुर्मीळ गाडीच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्यूक ४५५ ची एक कमजोरी सगळ्यांना माहिती असली पाहिजे ती म्हणजे ऑइलिंग. इतर बऱ्याच इंजिनांत ऑइल पंप खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल पॅनमध्ये असतो, हिच्यात तो पुढच्या अॅल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरमध्ये आहे, तेलाच्या पातळीच्या वर, आणि तेल लांबच्या रस्त्याने ओढून आणावं लागतं. म्हणजे दोन भानगडी. पंपाचे गिअर त्या मऊ अॅल्युमिनियमला घासून खाच पाडतात आणि प्रेशर पडतं, आणि बराच काळ बंद राहिल्यावर पंप कोरडा पडतो आणि तेल ओढतच नाही. म्हणून पंप उघडा, गिअर आणि कव्हर यांच्यातली फट मोजा, घासलेलं असेल तर कव्हर दुरुस्त करून घ्या किंवा चांगलं मिळालं तर बदला, आणि परत लावताना पंपाचे गिअर साध्या व्हॅसलिनने गच्च भरा. ग्रीसने नाही, ग्रीस विरघळत नाही आणि बारीक रस्ते बंद करतं, व्हॅसलिन गरम तेलात विरघळून जातं. त्यानंतर डिस्ट्रिब्युटर काढून त्याच्या भोकातून ड्रिलने पंप फिरवायचा, एकाने ड्रिल धरायचं आणि दुसऱ्याने क्रँक हाताने हळूहळू फिरवायचा, दोन्ही बाजूंच्या रॉकरपर्यंत तेल पोचलेलं डोळ्यांनी दिसेपर्यंत. इंजिन पूर्ण खोललंच असेल तर ब्लॉकमधला तेल ओढायचा रस्ता ड्रिलने थोडा मोठा करणं आणि त्याला साजेसा जाड पिकअप पाइप लावणं हे काम ब्यूकवाले मशीन शॉप नेहमी करतात. ते जरूर करा. बाहेरून काही दिसत नाही, चाल बदलत नाही, आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं.

तशीच दुसरी गोष्ट टायमिंग चेनची. आवाज कमी यावा म्हणून फॅक्टरीने कॅमच्या गिअरला नायलॉनचे दात दिले होते. पन्नास वर्षांनी ते दात बिस्किटासारखे चुरा होतात आणि तो चुरा खाली जाऊन ऑइलच्या जाळीत बसतो. गाडी कितीही कमी चाललेली असू दे, ऑडोमीटरवर काहीही आकडा असू दे, तो गिअर बदलाच, स्टीलचा घाला, आणि ऑइल पॅन उतरवून जाळी साफ करा. रॉकर शाफ्टवर रॉकरना जागेवर धरणारी प्लॅस्टिकची बटणं असतात, तीही तशीच ठिसूळ झालेली असतात, सगळी बदला.

पण म्हणून इंजिन खोललंच पाहिजे असं नाही! हे मी मुद्दाम सांगतोय कारण इथेच बहुतेक गाड्यांचं नुकसान होतं. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करा, लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघायची) करा. आकडे बरे असतील आणि एकमेकांच्या जवळपास असतील तर पिस्टन-बेअरिंगना हात न लावता सील, गॅस्केट, चेन, पंप एवढंच करून इंजिन चालवा. खोलावंच लागलं तर मशीन शॉपला काम देण्याआधी लेखी द्या की ब्लॉकवरच्या ठोकलेल्या नंबरांना हात लागता कामा नये, आणि नंबरांचे जवळून फोटो काढून तुमच्याकडे ठेवा. हे इंजिन पातळ भिंतींचं कास्टिंग आहे, त्यामुळेच एवढं मोठं असूनही वजनाला हलकं आहे, म्हणून बोअर वाढवायच्या आधी भिंतीची जाडी सोनिक टेस्टने मोजून घ्या आणि लागेल तेवढंच, कमीत कमी कापा. जुना कॅम ठेवणार असाल तर लिफ्टर (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे तुकडे) काढताना ज्याच्या त्याच्या जागेचा नंबर टाका, कारण प्रत्येक लिफ्टर कॅमवरच्या आपल्या उंचवट्याशी घासून बसलेला असतो, अदलाबदल झाली की दोन्ही खराब. नवा फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या लिफ्टरचा) कॅम टाकला असेल तर पहिल्यांदा सुरू झाल्यावर आयडलवर सोडायचं नाही, सरळ २००० च्या वर नेऊन वीसेक मिनिटं तिथेच खालीवर ठेवायचं, आणि तेल झिंक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असलेलं वापरायचं. आताच्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेलं असतं.

इथे एक मोह होतो. मशीन शॉपवाला म्हणतो एवढं खोललंय तर जरा मोठा कॅम टाकू, हेडर (मोकळे एक्झॉस्ट पाइप) टाकू, पन्नास-साठ हॉर्सपॉवर सहज वाढेल. वाढेलही. पण मोठ्या कॅमने खालची ताकद वर सरकते, आयडल खडखडीत होतो, आणि सिग्नलवरून निघताना जो एक सलग ढकलल्याचा अनुभव आहे, ज्यासाठी ही गाडी ही गाडी आहे, तोच जातो. मग ती पिवळ्या रंगाची कुठलीही गाडी उरते. स्टेज वनचा मूळ कॅम जसा होता त्याच मापाचा नवा ग्राइंड करून मिळतो, तोच टाका. अॅक्सलचा रेशोही आहे तोच ठेवा.

पेट्रोलबद्दल. स्टेज वनचं कॉम्प्रेशन १०.५ ला १ आहे आणि ते इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनलंय. १९७० चे ऑक्टेनचे आकडे आणि आताच्या अमेरिकन पंपावरचे आकडे वेगळ्या पद्धतीने मोजलेले असतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातला शंभरचा आकडा बघून घाबरू नका, पंपावरचं ९३ बऱ्यापैकी जवळ जातं. नॉकिंग (इंजिनातली टकटक) ऐकू आलं तर इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, एक-दोन डिग्री मागे घ्या. फॅक्टरीचं हेड गॅस्केट पातळ पत्र्याचं होतं, हेड उतरवलेलेच असतील तर जाड कंपोझिट गॅस्केट टाकल्यावर कॉम्प्रेशन थोडं आपोआप उतरतं, तेवढं पुष्कळ होतं. व्हॉल्व्ह सीटच्या बाबतीत सगळे म्हणतात शिसं नसलेल्या पेट्रोलने त्या झिजतात, कडक सीट बसवून घ्या. मी म्हणेन हेड तपासा, सीट खोल गेलेल्या नसतील आणि गाडी वर्षाला हजार-दोन हजार मैलच फिरणार असेल तर मूळ हेडवर कटर चालवू नका. रबराच्या पेट्रोलच्या होज मात्र एकही जुनी ठेवायची नाही, इथेनॉल त्यांना आतून खातं आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकलं की पुढचं सांगायला नको. आता इथेनॉल चालणाऱ्या होज मिळतात, त्याच घाला.

कार्ब्युरेटर रॉचेस्टरचा क्वाड्राजेट आहे. लोक याला शिव्या घालतात आणि काढून नवा दुसऱ्या कंपनीचा लावतात, आणि मूळ कार्ब्युरेटर कुठल्या तरी खोक्यात जाऊन हरवतो. असं करू नका. हा कार्ब्युरेटर नीट केला की अप्रतिम चालतो, पुढची दोन भोकं छोटी असल्यामुळे हळू चालवताना पेट्रोल जपून जातं आणि दाबलं की मागची दोन मोठी उघडतात तेव्हाचा आवाज ऐकायलाच पाहिजे. त्याच्या बाजूला नंबर ठोकलेला असतो, तो तुमच्या गाडीचा आहे का बघा. नेहमीचे दोष ठरलेले आहेत, बाउलच्या तळातले प्लग गळतात, फ्लोट जड होतो, थ्रॉटलचा शाफ्ट घासून हवा ओढतो. तिन्ही दुरुस्त होतात. साफ करताना ग्लास बीड मारू नका, त्याचा सोनेरी-हिरवट मुलामा उडतो आणि परत तसा आणणं वेगळं खर्चिक काम होतं.

स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा छोटा किट डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली लपून बसतो, बरेच जण लावतात आणि परत काढता येत असल्यामुळे माझी हरकत नाही. मी स्वतः पॉइंटच ठेवतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र हौस-मौज बाजूला. या गाडीला पुढे पॉवर डिस्क आणि मागे ड्रम आहेत आणि नीट केले तर ते पुरेसे आहेत. मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर फेकू नका, आत पितळेची किंवा स्टेनलेसची बाही बसवून मिळते, बाहेरून तेच मूळ कास्टिंग राहतं आणि आत गंजायला काही उरत नाही. रबरी होज नव्या, लोखंडी लाइन आतून गंजलेल्या असणारच तेव्हा त्याही नव्या, पण वाकवताना जुनी लाइन समोर ठेवून तिच्याच वळणाने. टायर फॅक्टरीतून गुडइयरचे पॉलिग्लास जी६०-१५ आले होते, त्याच दिसण्याचे नवे बनवलेले मिळतात आणि प्रदर्शनात गाडी त्यांच्यावरच शोभते, पण ओल्या रस्त्यावर त्यांची पकड आजच्या मानाने फारच कमी आहे. खरोखर फिरवणार असाल तर रेडियल घ्या, शक्य झालं तर जास्तीच्या चाकांवर, आणि मूळ रिम्स मूळ टायरसकट घरी ठेवा. जुने टायर दिसायला कितीही कोरे असले तरी त्यांच्यावर हायवेला जायचं नाही.

बॉडी. मिशिगनमध्ये, ओहायोत, सगळ्या उत्तरेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे इथल्या गाड्यांचा पत्रा कुठे जातो हे ठरलेलं आहे. मागच्या काचेखालचा खोबणीचा पट्टा, तिथून पाणी डिकीत गळतं आणि डिकीचा तळ जातो, मागच्या चाकांभोवतीचं क्वार्टर पॅनेल, मागच्या चाकामागची चेसिस, बॉडी माउंट. पेंटची जाडी मोजायचं मीटर घ्या आणि सगळ्या गाडीवर फिरवा, जिथे आकडा एकदम वाढतो तिथे पुट्टी आहे. शेव्हेलला, म्हणजे जनरल मोटर्सच्याच शेव्हरोलेच्या तशाच मध्यम आकाराच्या गाडीला, जवळजवळ अख्खी बॉडी नवी बनवून मिळते, ब्यूकला तसं नाही. फ्लोअरचे पत्रे दोघींचे बरेचसे सारखे असल्यामुळे शेव्हेलचे थोडे फेरफार करून चालतात, बाहेरच्या पत्र्यासाठी मात्र साधी स्कायलार्क शोधावी लागते जिचं इंजिन गेलंय पण अॅरिझोनात राहिल्यामुळे पत्रा खणखणीत आहे. तरीसुद्धा मूळ पॅनेलचा जेवढा भाग वाचतोय तेवढा वाचवा. वीतभर गंजासाठी वीतभरच पॅच कापा, अख्खं क्वार्टर पॅनेल बदलायला लावणारा डेंटर भेटला तर दुसरा शोधा. छत आणि क्वार्टर पॅनेल जिथे जुळतात त्या सांध्यात फॅक्टरीने शिसं भरलेलं आहे, तिथे घासायचं असेल तर मास्क लावा आणि सुकी धूळ उडवू नका. आणि बॉनेट-दरवाजांसारख्या मोठ्या सपाट पत्र्यांवर सॅंडब्लास्टिंग करू देऊ नका, पत्रा लहरतो आणि परत सरळ होत नाही.

रंगाचा निर्णय सगळ्यात अवघड. त्या काळी जनरल मोटर्समध्ये अॅक्रिलिक लॅकर मारायचे, पातळ थर, कडांना आणि डिकीच्या आत तर अजूनच पातळ. मूळ रंग साठ-सत्तर टक्के शिल्लक असेल, जरी फिका पडला असेल, दोन-चार ठिकाणी टवके उडाले असतील, तरी माझं ऐका आणि अख्खी गाडी रंगवू नका. एखाद्या झाकलेल्या कोपऱ्यात हाताने अगदी सौम्य पॉलिश लावून बघा, सॅटर्न यलो किती परत येतो त्याचं आश्चर्य वाटेल, मशीन मात्र लावू नका, कडेला क्षणात प्रायमर दिसतो. टवक्यांना तेवढ्यापुरता रंग. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकामध्ये मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग आहे, म्हणजे या गोष्टीची कदर करणारे लोक आहेत. पण रंग कोणी आधीच बदललेला असेल, पुट्टी असेल, पत्रा कापावा लागला असेल, तर मग रंगवा आणि मनात काही ठेवू नका. फक्त काचेसारखा चकाकणारा जाड क्लिअरकोटचा थर नको, फॅक्टरीतून ही गाडी तशी कधीच निघाली नव्हती. सिंगल-स्टेज रंग (वर वेगळा क्लिअरकोट नसलेला) लॅकरच्या जास्त जवळ दिसतो. जुना रंग उतरवताना पट्ट्यांची कड कुठे होती, लाल बारीक रेघ किती अंतरावर होती, दोन्ही बाजूंना सारखी होती का, हे ट्रेसिंग पेपरवर काढून घ्या. बहुतेक वेळा दोन्ही बाजू सारख्या नसतात, आणि नवे पट्टे मारताना त्या तशाच ठेवाव्यात.

बोल्टचं सांगितलं नाही तर हे अर्धवट राहील. बहुतेक मूळ बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते आणि बहुतेकांवर काळा फॉस्फेटचा किंवा झिंकचा मुलामा असतो. झिपवाल्या पिशव्या, मार्कर, प्रत्येक पिशवीवर जागा. गंज उतरवायचं पाण्यासारखं द्रावण मिळतं त्यात रात्रभर टाका, मग फॉस्फेट करून घ्या आणि तेलाचा हात फिरवा. दुकानातले चकचकीत स्टेनलेस बोल्ट इंजिनभर लावलेले दिसले की मला वाईटच वाटतं. रेडिएटरचंही तेच, अॅल्युमिनियमचा नवा टाकण्याऐवजी मूळ टाक्या ठेवून मधली जाळी नवी घालून घ्या, टॅग जिथल्या तिथे राहतो आणि गाडी थंडही राहते.

आतली काळी व्हिनिल सीटं साध्या साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवा, फाटलेली नसतील तर कव्हर तेच ठेवून आतला फोम बदला. सीटबेल्टचं कापड जुनं झालं की त्यावर भरवसा नसतो, मूळ बकल आणि लेबल ठेवून नवीन पट्टा शिवून मिळतो. बॉनेटवरच्या टॅकोमीटरमध्ये पाणी जातं आणि काच धुरकट होते, तो दुरुस्त करणारे लोक आहेत, बदलू नका.

पहिल्यांदा चालवायच्या आधी अग्निशामक जवळ ठेवा आणि एक माणूस बाजूला उभा करा. पेट्रोल जुन्या टाकीतून नाही, वेगळ्या डब्यातून द्या. सुरू झाल्या झाल्या नजर ऑइल प्रेशरवर, आणि ते डॅशवर जे असेल त्याच्यावर सोडू नका, तात्पुरता मेकॅनिकल गेज लावा. दहा सेकंदांत सुई उचलली नाही तर बंद. पहिले काही फेरे घराभोवतीच, ब्रेक बघत, गळती बघत, परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरून सकाळी कुठे थेंब पडलाय ते बघायचं. रिंगा बसल्या, आवाज ओळखीचे झाले की तेल आणि फिल्टर बदला, जुना फिल्टर कापून कागदाच्या घड्यांमध्ये चकाकणारे कण आहेत का तपासा.

विमा नेहमीचा घेऊ नका, ठरलेल्या किमतीचा घ्या, म्हणजे काही झालं तर पन्नास वर्षं जुनी गाडी म्हणून कवडीमोल किंमत लावली जात नाही, त्यासाठी तुमचे फोटो आणि बिलं कामाला येतात. आणि मग चालवा. ऑगस्टमधला वुडवर्ड ड्रीम क्रूझ, डेट्रॉइटजवळचा जुन्या गाड्यांचा मेळा, आहेच, केंटकीत बोलिंग ग्रीनला ब्यूक जीएसवाल्यांचं जीएस नॅशनल्स भरतं तिथे एकदा जा, कारण तिथे न उघडलेल्या, न रंगवलेल्या गाड्यांखाली वाकून बघायला मिळतं आणि मालक लोक तासन्‌तास सांगत बसतात. तुमच्या गाडीच्या एखाद्या क्लॅम्पबद्दल शंका असेल तर तिचं उत्तर तिथल्या पार्किंगमध्ये मिळतं. बरोबर मोजपट्टी आणि कॅमेरा न्या. नोव्हेंबरात रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत टाकीत पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर घालून, ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल इतकी गाडी फिरवून, बॅटरी मेंटेनरला लावून ठेवायची, आणि मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन जोरदार पाऊस पडून रस्ते धुतले गेल्याशिवाय बाहेर काढायची नाही.